टाकाऊ बाटलीवरची साय

हेमांगी तुळसकरला आपल्या भावजयीचा मत्सर वाटू लागला तो भावाच्या लग्नात नव्हे. लग्नानंतर अकरा महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, वर्तमानपत्रातला एक फोटो बघताना तो पहिल्यांदा वाटला.

फोटोत शाल्मली यंत्राशेजारी उभी होती. यंत्र पूर्ण दिसत होतं, शाल्मली पूर्ण दिसत होती आणि डाव्या कडेला हेमांगीचं कोपर दिसत होतं. खाली मजकूर होता : ‘यीस्टच्या पोटातली चरबी हेरणारी वेंगुर्ल्याची सून.’

हेमांगीने तो दोनदा वाचला, पेपरची घडी घातली आणि कारखान्यात गेली. दिवसभर ती कुणाशी वाकडं बोलली नाही. दुपारी शाल्मलीने विचारलं, “ताई, आजचा पेपर बघितला का?”

“नाही गं, वेळ कुठे होता?” हेमांगी म्हणाली. ते पहिलं खोटं.

कारखाना काजू बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा. पूर्वी काजूची बी तेवढी विकली जाई आणि ती ज्या रसाळ बोंडाला लटकलेली असते ते बोंड झाडाखालीच सडे. पुढे पामतेल पिकवणाऱ्या देशांनी जंगलं वाचवण्यासाठी निर्यात आवळली. बिस्किटवाल्यांपासून साबणवाल्यांपर्यंत सगळ्यांना तेल कमी पडू लागलं, तेव्हा बोंडाच्या रसावर यीस्ट वाढवायचं आणि त्या यीस्टपासून तेल काढायचं असं ठरलं.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशी बुरशी. तिच्या काही जातींची एक सवय असते. साखर भरपूर आहे, पण नव्या पेशी घडवायला लागणारा नायट्रोजन संपला आहे, अशी वेळ आली की त्या आपली संख्या वाढवणं थांबवतात आणि मिळेल ती साखर चरबी करून पोटात साठवतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशीच्या आत तेलाचे चकचकीत थेंब दिसतात. अशी एक जात हेमांगीने चौदा वर्षांपूर्वी मठ गावच्या बागेतल्या सडक्या बोंडावरून स्वतः वेगळी केली होती. कारखान्याच्या सगळ्या टाक्यांत तिचीच पोरंबाळं होती.

कोणत्या पेशींत किती चरबी आहे ते कळायला मात्र त्या माराव्या लागत. त्या वाळवायच्या, दळायच्या, द्रावणात चरबी विरघळवायची, द्रावण उडवून टाकायचं आणि तळाशी उरेल ते तोलायचं. दीड दिवस जाई. शिवाय उत्तर मिळेपर्यंत ज्यांच्याबद्दल ते उत्तर, त्या पेशीच उरत नसत. सगळ्यांत लठ्ठ पेशी सापडली तरी तिची पैदास करणं शक्य नव्हतं. हेमांगीने अशा साडेतीन हजार चाचण्या केल्या होत्या आणि एकेकीची नोंद निळ्या शाईने वह्यांत उतरवली होती.

मग पुण्याहून अवरक्त किरणांचं यंत्र आलं आणि यंत्राबरोबर दोन वर्षांच्या करारावर शाल्मली आली. ती मूळची वर्ध्याची. यंत्र बसवायला कारखान्याचा अभियंता म्हणून सर्वेश तिच्या मदतीला होता. सर्वेश हा हेमांगीचा धाकटा भाऊ. आठ महिन्यांत दोघांचं लग्न झालं.

शाल्मली फार सोपं करून सांगायची. संचालकांनाही तिने तसंच सांगितलं होतं. “रेणूतले अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात. ते सतत थरथरतात. प्रत्येक जोडाची थरथरायची लय ठरलेली असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्यांच्यावर सोडले, की ज्या किरणाची लय जुळते तेवढा तो जोड गिळतो, बाकीचे पलीकडे जातात. चरबी एका जागी गिळते, प्रथिनं शेजारच्या जागी. पलीकडे आलेल्या किरणांचा आलेख काढला की दोन खड्डे दिसतात. चरबीचा खड्डा जितका खोल, तितकी पेशी लठ्ठ. आणि पेशीला काही होत नाही. ती जिवंतच राहते.”

साधी काच हे किरण अडवते, म्हणून यंत्रात एका खास स्फटिकाची पट्टी होती. पट्टीवर हजारो बारीक खळगे. वरून रसाचा पातळ प्रवाह सोडला की एकेक पेशी एकेका खळग्यात बसे, किरण तिच्यातून जाई आणि क्षणात निवाडा होई. तासाला लाखभर पेशी. त्यांतल्या सगळ्यांत लठ्ठ शंभर डावीकडच्या बाटलीत, बाकीच्या उजवीकडच्या टाकाऊ बाटलीत. त्या शंभरांची वीण वाढवायची, तिच्यातून पुन्हा शंभर निवडायच्या. माणसाने गाई-म्हशींत हजारो वर्षं जे केलं ते इथे आठवड्याला एकदा होत होतं.

पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. अमुक खोलीचा खड्डा म्हणजे नेमकी किती टक्के चरबी, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगितलं हेमांगीच्या वह्यांनी. शाल्मलीने वह्या मागितल्या तेव्हा हेमांगीने त्या कौतुकाने दिल्या, गोठवून ठेवलेले नमुनेही दिले. पंधरा दिवस दोघी शेजारी बसून आकडे जुळवत होत्या. त्या पंधरा दिवसांत हेमांगीला ती मुलगी मनापासून आवडली होती.

फोटो छापून आला त्या दिवशी आई ओट्यावर बसून शेजारणींना तो दाखवत होती. “माझ्या सुनेन नाव काढल्यान गो! यंत्रात बघता आणि पोटातला सांगता!”

हेमांगी चपला काढून आत गेली. चौदा वर्षांत आईने तिच्या कामाबद्दल एकदाच विचारलं होतं, तेही ‘त्या कुजक्या बोंडांचो वास कपड्यांक कित्याक येता’ असं.

एकदा नजर तशी झाली की सगळीकडे तेच दिसायला लागतं. वडील गेले तेव्हा सर्वेश नऊ वर्षांचा होता. हेमांगी तेवीस वर्षांची. त्याच्या शाळेची पत्रं, त्याचे ताप, त्याचं कॉलेज, सगळं तिने केलं. स्वतःचं लग्न राहिलं, त्याचंही तिला फारसं काही वाटलं नव्हतं. सकाळी दोघं भाऊबहीण मागच्या दारी बसून चहा घेत आणि मालवणीत गावभरच्या गोष्टी करत. आता सर्वेश बायकोबरोबर चहा घेई. ते ठीक होतं. पण तो हेमांगीशीही पुस्तकी मराठी बोलायला लागला होता, शाल्मलीला सगळं कळावं म्हणून. “ताई, तू जेवलीस का?” असं तो विचारी आणि हेमांगीला वाटे, घरात कुणीतरी परका माणूस आपली चौकशी करतोय.

शाल्मली रोज पहाटे उठून दोन डबे भरायची, एक स्वतःचा आणि एक हेमांगीचा. तिच्या भाज्या तिखट असत. हेमांगी त्या चवीने खाई आणि त्या चांगल्या झाल्या आहेत याचाच तिला राग येई.

सात पिढ्यांपर्यंत यंत्राने चमत्कार केला. चाळीस टक्के चरबीवरून गाडी अठ्ठावन्नवर गेली. मग थांबली. आठव्या पिढीत अठ्ठावन्न, नवव्या पिढीत अठ्ठावन्न, अकराव्या पिढीतही तेच. शाल्मलीने किरणांचा स्रोत बदलून पाहिला, खळगे धुतले, रसातली साखर कमीजास्त केली. काही फरक पडेना.

“काहून असं होत असंल, ताई?” ती वैतागली की तिच्या तोंडी वर्ध्याची भाषा येई. “माझं गणित चुकतंय का?”

“बघ बाई,” हेमांगी म्हणायची. “तुझं यंत्र, तुलाच ठाऊक.”

माघातला एक सोमवार होता. हेमांगी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत आली. रविवारची सुटी होती आणि शनिवारची टाकाऊ बाटली कुणी ओतून टाकलेली नव्हती. दीड दिवस ती जागेवर स्थिर उभी होती. हेमांगीने ती उचलायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

बाटलीच्या तळाशी नेहमीचा पिठूळ गाळ होता. वर पिवळसर रस. आणि रसाच्या अगदी वर, काचेला चिकटून, कापसाच्या धाग्याएवढं एक पांढरं कडं होतं. दुधावर धरते तशी साय.

तिने त्यातला एक ठिपका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी एवढ्या फुगलेल्या होत्या की आत तेलाच्या एका थेंबाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. चौदा वर्षांत तिने अशा पेशी पाहिल्या नव्हत्या.

ती स्टुलावर बसली. तिथे बसल्या बसल्या तिला सगळं उलगडलं. तेल पाण्यापेक्षा हलकं. पेशीत चरबी साठत गेली की ती हलकी होत जाते. आणि एका मर्यादेनंतर साखरेच्या रसात ती बुडतच नाही, तरंगते. शाल्मलीच्या यंत्रात निवाडा होतो तो खळग्यात बसलेल्या पेशींचा. तरंगणारी पेशी खळग्यात उतरणार कशी? ती वरच्या वर वाहत जाणार. यंत्राला दिसणार रिकामा खळगा. अठ्ठावन्न टक्क्यांची भिंत यीस्टमध्ये नव्हतीच. त्याहून लठ्ठ झालेली प्रत्येक पेशी यंत्र आपल्या हाताने टाकाऊ बाटलीत ढकलत होतं.

दारात पावलं वाजली. शाल्मली आली होती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

“ताई, रविवारी पण मी तेच आकडे घेऊन बसले होते,” ती म्हणाली. “काही सुचत नाही.”

सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. हेमांगीच्या ओठांवर ते आलंही. तेवढ्यात तिला वाटलं, हे सांगितलं की उद्या परत फोटो येईल. परत कोपर.

“सुचेल,” ती म्हणाली आणि बाटली उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली.

तिची जुनी खोली मागच्या बाजूला होती. तिथे आता कुणी फिरकत नसे. सायीतल्या पेशी तिने वेगळ्या केल्या, वाढवल्या, पुन्हा स्थिर ठेवल्या, पुन्हा वरची साय घेतली. तिला यंत्राची गरज नव्हती. उभी बाटली आणि धीर, एवढं पुरे होतं. चौथ्या खेपेला तिने जुन्या पद्धतीने चरबी काढून तोलली. बहात्तर टक्के. तिने पुन्हा तोलली. बहात्तर.

इतका आनंद तिला क्वचित झाला होता. हा आनंद कुणालाही सांगायचा नाही, यातही एक गोडी होती. चैत्रात संचालक मंडळाची बैठक होती. यंत्र ठेवायचं की परत पाठवायचं, पुढच्या हंगामात टाक्यांत कोणतं वाण सोडायचं, ते तिथे ठरणार होतं. शाल्मली आपले अठ्ठावन्न टक्के मांडेल, मग आपण उठायचं आणि बाटली टेबलावर ठेवायची. अध्यक्ष अप्पा मोचेमाडकर चष्मा वर करून विचारतील, “ह्या काय गो हेमांगी?” पुढचं सगळं तिने मनात इतक्या वेळा घडवलं होतं की अप्पांचा खोकलासुद्धा तिला पाठ झाला होता.

तिकडे शाल्मली वाळत चालली होती. डबा उघडायची आणि दोन घास खाऊन झाकायची. रोज दुपारी हेमांगीसमोर बसून एकेक शंका काढायची. स्फटिक जुना झाला असेल का? वह्यांतले आकडे आपण चुकीचे भरले असतील का? एकदा ती म्हणाली, “ताई, चूक यंत्राची नसेलच. मीच कमी पडत असेन. तुम्ही इतकं चोख काम करून ठेवलं होतं, मी ते बिघडवलं.”

हेमांगीने भाजी वाढून घेतली. “पाणी दे जरा,” ती म्हणाली.

असे नऊ आठवडे गेले.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी सर्वेश तिच्या मागच्या खोलीत आला. तिने पटकन बाटलीवर फडकं टाकलं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“ताई, उद्या यंत्र परत पाठवायचं ठरलं तर शाल्मलीचा करार संपेल,” तो म्हणाला. “तिला नागपूरला काम मिळेल. तिने विचारून ठेवलंय.”

“मग?” हेमांगीने आवाज साधाच ठेवला. “जाईल थोडे दिवस. येईल जाऊन-येऊन.”

सर्वेश मग किती महिन्यांनी मालवणीत बोलला. “ती गेली तर मी पण जातलंय. तुका आधी सांगूक व्हया म्हणान इलंय.”

“तू पण?”

“ताई, बायल आसा ती माझी.”

तो गेला. हेमांगी फडक्याकडे बघत बसली. तिने मनात रचलेल्या बैठकीत सगळे होते. अप्पा होते, संचालक होते, मान खाली घातलेली शाल्मली होती. बैठकीनंतरचं घर मात्र तिने एकदाही मनात आणलं नव्हतं.

पुढे जे तिने केलं ते दयेने केलं असं तिने स्वतः कधीच म्हटलं नाही. भाऊ जाऊ नये म्हणून केलं. दुपारी ती बाटली घेऊन शाल्मलीच्या टेबलापाशी गेली.

“हे यंत्रात घालून बघ.”

“काय आहे?”

“तुझं टाकाऊ.”

शाल्मलीने थेंब घेतला आणि प्रवाह सोडला. पडद्यावर ओळीने रिकामे खळगे दिसत गेले. “काहीच नाही यात,” ती म्हणाली. मग तिने बाटली उजेडात धरली. वरचं जाड पांढरं कडं बघितलं. बघता बघता तिचा चेहरा बदलला. तिने यंत्र उघडलं, स्फटिकाची पट्टी काढली आणि उलटी बसवली. खळगे आता वरच्या बाजूला, छताला होते. तरंगणाऱ्या पेशी वर चढल्या आणि एकेक करून खळग्यांत शिरल्या.

पडद्यावर आलेख उमटला. चरबीचा खड्डा चौकटीच्या खाली निघून गेला होता.

“ताई!” शाल्मली ओरडलीच. तिने हेमांगीचे दोन्ही दंड धरले. “तरंगतात त्या! तरंगतात! आणि मी त्यांना फेकत होते! अठ्ठावन्नच्या कितीतरी पुढे, ताई! हे तुम्हाला कधी कळलं? आज?”

हेमांगीला ‘आज’ म्हणता आलं असतं. का कोण जाणे, ते खोटं तिच्या तोंडून निघालं नाही.

“नऊ आठवडे झाले.”

शाल्मलीचे हात दंडांवरून हळूहळू सुटले. ती खुर्चीत बसली. आलेख तिच्यामागे तसाच चमकत होता.

“मी रोज तुमच्यासमोर बसून विचारत होते, माझं कुठे चुकतंय म्हणून.”

“हो.”

“आणि तुम्ही माझ्या डब्यातून जेवत होता.”

शाल्मलीने यंत्र बंद केलं, पट्टी पुसून जागेवर ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेली. घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. जेवणं झाली, आईने सुनेची दृष्ट काढली, उद्या बैठक म्हणून.

बैठकीत शाल्मली उभी राहिली तेव्हा हेमांगी शेवटच्या खुर्चीवर होती. आता काय होणार हे तिला ठाऊक होतं आणि ते तिने मान्यही केलं होतं. ही आपल्याला सगळ्यांसमोर उघडं पाडेल, पाडू दे.

शाल्मलीने उलट्या पट्टीचा प्रयोग करून दाखवला. आलेख बघून कुणीतरी शीळ घातली. अप्पांनी चष्मा वर केला. “यंत्र मग उपयोगाचं म्हणायचं. पण ह्या शोधून काढलान कोणी?”

“हेमांगीताईंनी,” शाल्मली म्हणाली. ती हेमांगीकडे बघत नव्हती. “त्यांना टाकाऊ बाटलीवर साय दिसली. पण त्यांनी घाई केली नाही. नऊ आठवडे त्या मागच्या खोलीत पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. पूर्ण खात्री झाल्यावरच त्यांनी मला सांगितलं. असं काम करणारी माणसं कमी असतात.”

टाळ्या वाजल्या. दोन संचालक मागे वळून हेमांगीकडे कौतुकाने बघायला लागले. अप्पा म्हणाले, “उभी रव गो, जरा दिसान दे सगळ्यांका.”

हेमांगी उभी राहिली. तिला हवं होतं ते सगळं तिच्यापुढे मांडलेलं होतं. सगळ्यांच्या नजरा, टाळ्या, नाव. आणि ते शाल्मलीने तिला दिलेलं होतं, ताटात वाढून.

“मी तपासत नव्हते,” ती म्हणाली. “तिसऱ्या आठवड्यातच खात्री झाली होती. पुढचे सहा आठवडे मी लपवत होते. हिला कळू नये म्हणून. हिचं नाव होत होतं ते मला बघवत नव्हतं.”

एका संचालकाने समोरचे कागद उगाच सारखे केले. अप्पा बराच वेळ हेमांगीकडे बघत राहिले, मग म्हणाले, “बस तू.” आणि पुढचा विषय घेतला.

यंत्र ठेवायचं आणि शाल्मलीचा करार वाढवायचा असं ठरलं. नवं वाण पुढच्या हंगामात टाक्यांत सोडायचं ठरलं. हेमांगीला कुणी काढून टाकलं नाही. तिच्यासारखं यीस्ट ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही एक कारण असेल.

बैठक संपल्यावर शाल्मलीने तिला बोंडं धुवायच्या हौदांपाशी गाठलं. तिचा चेहरा लाल झाला होता. काल ती रागावली नव्हती, आज रागावली होती.

“काहून बोललात तुम्ही? मी सावरलं होतं ना सगळं? रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं, की माफ करायचं. घर मोडायचं नाही. आणि तुम्ही चार वाक्यांत ते धुळीला मिळवलं!”

“ते खोटं होतं, शाल्मली.”

“माहितेय मला खोटं होतं ते! माझं होतं ते खोटं. मी बोलले होते.” तिचा आवाज चिरला. “तेवढा मोठेपणासुद्धा मला मिळू द्यायचा नव्हता तुम्हाला.”

हेमांगी नाही म्हणायला गेली. सत्यासाठी बोलले, असं तिला म्हणायचं होतं. पण टाळ्या वाजत असताना मनात जे पेटलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं. ही मुलगी यंत्रातही आपल्यापेक्षा हुशार आणि मनानेही आपल्यापेक्षा मोठी, हे तिला सहन झालं नव्हतं. खरं बोलायला ती उठली होती, आणि तिला उठवलं होतं मत्सराने. दोन्ही खरं होतं.

“असेल,” ती म्हणाली. “तसंच असेल.”

शाल्मलीने डोळे पुसले. कुणीतरी कबूल केल्यावर भांडण पुढे नेणं कठीण असतं. ती वळली आणि निघून गेली.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. शाल्मली कारखान्यात तिला ‘हेमांगी मॅडम’ म्हणू लागली. डबा एकच भरू लागली. सर्वेश पंधरा दिवस बहिणीशी बोललाच नाही. मग एका सकाळी मागच्या दारी येऊन बसला आणि नुसता बसून राहिला. आईला बैठकीतलं सगळं गावातून कळलं होतं. तिने एवढंच विचारलं, “तुका इतक्या वायट वाटत होता, तर माका कित्याक नाय सांगलंस?” त्या प्रश्नाने हेमांगी त्या सगळ्या काळात पहिल्यांदा रडली.

काम मात्र थांबणारं नव्हतं. पट्टी उलटी करून पहिली पिढी निवडली, मग दुसरी. तरंगणाऱ्या पेशींसाठी सगळी मापं नव्याने बसवायची होती, त्यासाठी पुन्हा जुन्या पद्धतीने चरबी तोलायची होती, आणि ते हेमांगीशिवाय कुणाला जमत नव्हतं. दोघी कामापुरतं बोलत. कामापुरतं म्हणता म्हणता ते बोलणं बरंच होई. श्रावणात कधीतरी ‘मॅडम’ गळून ‘ताई’ परत आलं. कधी ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मत्सर मात्र गेला असं नाही. शाल्मलीला एखादी गोष्ट पटकन सुचली की हेमांगीच्या आत अजून काहीतरी टोचायचं. फरक एवढाच की आता ते टोचलं की तिला कळायचं आणि ती तोंड मिटून हातातलं काम पुरं करायची.

दिवाळीनंतर एका दुपारी शाल्मली तिच्या मागच्या खोलीत आली आणि दार लोटून बसली.

“ताई, पुण्याहून पत्र आलंय. उलट्या पट्टीचं काम त्यांनी वाचलं. आता त्यांना हेच माणसाच्या यकृतातल्या पेशींवर करायचंय. यकृतात चरबी साठायला लागते तेव्हा सुरुवातीच्या दोन-चार पेशी तरी जिवंतपणी ओळखता येतील का, ते बघायचं. त्यासाठीच्या नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मला बोलावतायत.”

“सर्वेशला सांगितलंस?”

“नाही अजून. तो म्हणेल, तुला हवं ते कर. आई म्हणतील, जाऊ नको. सगळे मला बरं वाटेल ते तरी सांगतील, नाहीतर त्यांना बरं वाटेल ते.” ती थांबली. “तुम्ही एकट्याच मला खरं सांगाल, असं वाटलं. म्हणून आधी तुमच्याकडे आले.”

हेमांगी हातातली काचेची नळी पुसत होती. प्रयोगशाळेची प्रमुख, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. ते टोचलं, नेहमीच्याच जागी. ते ओसरेपर्यंत ती नळी पुसत राहिली. मग दुसरी गोष्ट समोर आली. ही गेली की सर्वेश जाणार. एके काळी तिने हिच्या जाण्याची वाट पाहिली होती. आता ‘राहा’ म्हटलं तर ही राहील. आजच्याइतका हिचा आपल्यावर विश्वास कधीच बसला नव्हता. एक शब्द पुरेल.

“तू इथे राहिलीस तर दर वर्षी एखादा टक्का वाढवशील,” हेमांगी म्हणाली. “तिथे माणसं वाचतील. तुझ्या जागी मी असते तर आज संध्याकाळी उत्तर पाठवलं असतं. जा.”

शाल्मली तिच्याकडे बघत राहिली. “सर्वेश पण येईल माझ्याबरोबर.”

“माहितेय मला.”

“तुम्हाला...”

“मला वाईट वाटेल. तो माझा प्रश्न आहे, त्याचं उत्तर तू कशाला शोधतेस?” हेमांगीने नळी मांडणीवर ठेवली. “फक्त यंत्र इथेच ठेवून जायचं. ते कारखान्याचं आहे.”

“पण चालवणार कोण?”

“मी. मला शिकवून जा.”

शाल्मली प्रथम हसली, मग हेमांगीचा चेहरा बघून हसायची थांबली. “महिना लागेल, ताई.”

“लागू दे.”

“महिना नाही, दोन लागतील,” शाल्मली उठत म्हणाली. “तुम्ही प्रश्न फार विचारता.” तिने दार उघडलं. “चला, यंत्र चालूच आहे.”

हेमांगीने हात पुसले आणि ती तिच्यामागून गेली.